‘नाही’नंतरचा शब्द

सलूनवाल्याला गल्लीत सगळे ‘रेडिओ’ म्हणत. खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की कात्री आणि तोंड एकदमच सुरू. कात्री अधूनमधून थांबायची, तोंड नाही. सकाळी चहाच्या टेबलावर तो प्रार्थना करायचा, तीही ऐसपैस. आजारी शेजाऱ्यांपासून गळक्या नळापर्यंत सगळं देवाच्या कानावर घातल्याशिवाय आमेन व्हायचं नाही. समोर बायको डोळे मिटून बसायची आणि मनातल्या मनात चहा निवला म्हणून चुटपुटायची.

त्या मंगळवारी तिचं डोकं ठणकत होतं, शिवणाची कामंही तुंबली होती. प्रार्थनेमागोमाग गल्लीच्या बातम्या सुरू झाल्या तशी ती वैतागली. “अहो, तोंडाला जरा कुलूप लावा ना!”

तो हसला आणि दुकानाकडे निघाला. अकराच्या सुमाराला निरोप आला. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता तो जागीच कोसळला होता.

अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला. उजवा हात गेला; पाय ओढत का होईना, तो चालू लागला. वाचा मात्र बसली. उरला एकच शब्द, ‘नाही’. पाणी हवं असलं तरी ‘नाही’, उशी टोचत असली तरी ‘नाही’. लेकीचा फोन आला की तो कानाला धरून रडायचा, “नाही, नाही.”

दुकान धाकट्या दिरानं सांभाळायला घेतलं. तिनं शिलाई मशीन नवऱ्याच्या पलंगाशेजारी हलवलं. टेबलावरची प्रार्थना बंद पडली. तिच्या मनानं घेतलं होतं, की त्या सकाळचं आपलं बोलणं देवानं शब्दशः ऐकलं.

चर्चचे पाळक भेटायला आले, तेव्हा दारापाशी तिनं एकदाचं सांगून टाकलं. “मीच मागितलं होतं हे.”

पाळक म्हातारे होते, पायात वहाण अडकवत होते, ते थांबले. “बाई, देव असा शब्दात पकडणारा नाही. इतक्या वर्षांत तुम्ही काय काय मागितलंत, ते कुठे दिलं त्यानं लगेच दुपारी?”

तिला हसू आलं आणि रडूही.

“पण हे मला नका सांगू,” ते म्हणाले. “त्यांना सांगा.”

तिनं सांगितलं. नवऱ्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. “नाही. नाही. नाही.” हे उत्तर होतं, की त्याच्याकडे उरलेला तेवढाच शब्द, तिला कळेना. मनगट मात्र त्यानं बराच वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या सकाळी चहा ओतून ती स्वतःच प्रार्थनेला बसली. आपले शब्द सुचेनात. म्हणून प्रभूनं शिष्यांना शिकवलेली, लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना तिनं धरली. दुसऱ्या ओळीला शेजारून आवाज आला. जड, गंजलेला, पण एकेक शब्द बरोबर. डोळे मिटून तो थेट आमेनपर्यंत म्हणत गेला.

“अहो! बोला ना! आणखी बोला काहीतरी!”

त्यानं तोंड उघडलं. “नाही.”

दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी समजावलं, “पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतं. त्याला बोलणं नाही म्हणता येणार. फार आशा धरू नका.” मग जरा विचार करून म्हणाल्या, “पण रोज म्हणा. मध्येच थांबा. पुढचा शब्द ते उचलतात का, बघा.”

ती थांबून बघू लागली. ती थांबली की तोही थांबायचा, कधी चिडून कप ढकलायचा. असे चार महिने गेले. आपण भिंतीशी बोलतोय आणि देवही त्याच भिंतीपलीकडे गप्प बसलाय, असं तिला कितीदा वाटलं. तरी सकाळ झाली की ती बसायची. न बसण्याचं धाडस तिच्यात नव्हतं, म्हणा ना.

पाचव्या महिन्यात एकदा प्रार्थना झाल्यावर ती किटली घेऊन भलतीकडेच बघत होती. त्यानं रिकामा कप पुढे केला.

“दे.”

तिनं ओतला तो चहा अर्धा कपात, अर्धा टेबलावर.

पुढे त्याच प्रार्थनेतला ‘आज’ आला. मग ‘क्षमा’. हा शब्द त्यानं सढळ हातानं वापरला. पाणी सांडलं, क्षमा. कुणाला धक्का लागला, क्षमा. दारातल्या कुत्र्यावर पाय पडला, त्यालाही क्षमा.

आता वर्ष उलटलंय. शब्द दहाच्या पुढे गेलेले नाहीत, जातील असंही कुणी म्हणत नाही. तो दुपारी दुकानात जाऊन बसतो. जुनी गिऱ्हाइकं त्याच्याशी बोलतात आणि तो ऐकतो. रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून ती प्रार्थना म्हणतात, तेव्हा ती क्षणभर थांबून गर्दीतला त्याचा आवाज शोधते. कधी सापडतो, कधी इतरांत मिसळून जातो.

परवा सकाळी तिच्या अंगात कणकण होती. कप टेबलावर ठेवून ती आत वळली. “आज राहू द्या हो. उद्या बसू.”

त्यानं डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. “आज.”

“बरं बाई, आज,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.