आकाश फिरवणारी बिजागरी

मी बिजागरी. लोखंडाची, बोटभर लांब, सहा छिद्रांची. आयुष्यात मी वीस वर्षं एक दार उघडलं आणि काही संध्याकाळी अख्खं आकाश फिरवलं. यातलं काही खोटं निघालं तर मला गंज चढो.

माझा जन्म कारखान्यात, एका ठोक्यासरशी. सोबत हजार बहिणी पडल्या. कोण कुठे गेली, देव जाणे. मी आले टेलरमास्तरांच्या स्वयंपाकघरात, बिस्किटांच्या डब्याच्या कपाटाला. मास्तरांना साखरेचा आजार आणि बिस्किटांचा नाद एकाच वर्षी लागला. दार हललं की मी करकरायचे आणि पलीकडच्या खोलीतून त्यांच्या बायकोचा आवाज यायचा, "अहो, हात बाहेर." बाईंनी मला कधी तेलाचा थेंब लागू दिला नाही. मी त्या घरची राखणदार होते, आणि त्याचा मला ताठा होता.

मग एका हिवाळ्यात मास्तरांना मृग नक्षत्रात, बाणाच्या खाली, एक धुरकट ठिपका दिसला.

"तेजोमेघ आहे तो. तिथे नवे तारे जन्मतात."

"चष्मा पुसा," बाई म्हणाल्या.

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. फोटोच काढून दाखवतो म्हणाले. लेकीने आपला कॅमेरा दिला, पण बजावलं, "बाबा, पृथ्वी फिरते. कॅमेरा ताऱ्यांमागे हळूहळू फिरवला नाही, तर तारे फरपटतील."

मास्तरांनी दोन फळ्या पुस्तकासारख्या जोडायला मला कपाटावरून काढलं. खाली लांब स्क्रू बसवला. तो फिरवला की वरची फळी केसाकेसाने उघडणार, आणि तिच्यावरचा कॅमेरा ताऱ्यांमागे जाणार.

बाईंनी बिनदाराचं कपाट पाहिलं. "आकाशाचं निमित्त कळलं मला. चार संध्याकाळी देते. ढग दिसला नाही, तर बिजागरी परत जागेवर आणि डब्याला कुलूप."

पहिल्या संध्याकाळी गच्चीत माझं टोक ध्रुवताऱ्याकडे लावलं. लेक सेकंद मोजायची, मास्तर दर पंधराला पाव फेरा द्यायचे. फोटोत मात्र तारे दोऱ्यांसारखे लांबलेले. लेकीने कपाळावर हात मारला. "बाबा, उलटं फिरवलंत." चाळीस वर्षं मशीनचं चाक स्वतःकडे ओढणारा हात, त्याने स्क्रूही स्वतःकडेच ओढला. मी उघडायची, ती मिटत गेले.

दुसऱ्या संध्याकाळी आभाळ भरून आलं. "दिसला की ढग," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या संध्याकाळी फेरे सुलटे पडले, पण तारे थरथरलेले. कारण मी. प्रत्येक पाव फेऱ्याला मी करकरायचे, कॅमेरा हलायचा, आणि आतून सवयीने हाक यायची, "अहो, हात बाहेर." साठांतला एकच फोटो धड निघाला. लेकीने तो आईला दाखवला. नखाएवढा गुलाबी डाग. बाईंनी स्वतःचाच चष्मा पुसला, आणि पुन्हा पाहिलं.

चौथ्या संध्याकाळी त्या गच्चीत आल्या. हातात मशीनच्या तेलाची कुपी.

मास्तर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "अगं, तेल घातलंस तर ती पुन्हा ओरडायची नाही."

"माहीत आहे मला. सरका."

एक थेंब माझ्या पोटात उतरला आणि वीस वर्षांचा आवाज गिळून बसला. मी लोण्यासारखी उघडत गेले. पृथ्वी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. खरं सांगते, दमली ती पृथ्वी. पुढे बाईंनी आपणहून आणखी दोन संध्याकाळी वाढवून दिल्या, आणि सेकंद मोजायचं काम लेकीकडून काढून घेतलं.

मास्तर कापायच्या आधी कापडाचे थर लावतात, तसे लेकीने सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचले. आणि ढगाने पंख पसरले. गुलाबी, कडेला निळसर, मधोमध चार हिरकण्या.

"हे इतकी वर्षं आपल्या डोक्यावर होतं?" बाईंनी विचारलं.

"होतं की."

"मग आपण काय बघत होतो?"

"बिस्किटं," लेक म्हणाली. तिघंही इतकी हसली की शेजारी खिडकीत आले.

आता मी गच्चीच्या कोनाड्यात असते, तेलाने तुकतुकीत. तुमच्या घरी माझी एखादी बहीण करकरत असेल, तर तिला तेल द्या, आणि एकदा तरी चांदण्यात बाहेर आणा. दारापुरती नसते हो ती.

कपाटाला मास्तरांनी स्वतः शिवलेला पडदा लागला आहे. डब्याला कुलूप नाही. एकही बिस्किट कमी झालेलं नाही, असं मास्तर सांगतात. असेलही. पडदा करकरत नाही, आणि मी हल्ली वर बघत असते.