टाकीवाली कवळी आणि मारबत

मी कवळी बोलतेय. हसू नका, म्हातारपणी हसायलाही मीच लागते.

त्यातून मी साधीसुधी नव्हे. माझ्या टाळूत टाकी आहे!

माझे धनी धोंडबाजी, राहणार महाल मोहल्ला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे गावची पीडा नेणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली, की "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" ही गल्लीतली पहिली आरोळी त्यांची. पुढे घशाच्या कॅन्सरवर किरणांचा शेक घेतला. जीव वाचला, पण थुंकी कायमची आटली. कोरड्या तोंडात जुनी कवळी टिकेना, हिरड्या सोलायची. आरोळी बंद, बोलणंही बंद.

"बुढा नुसता मुका बसून राहते, बाई," त्यांची बायको प्रयागबाई दातांच्या डॉक्टर उत्तराबाईंपुढे रडली.

डॉक्टरबाईंनी मला घडवलं. टाळू पोकळ, आत औषधी लाळ, जिभेकडे बारीक भोक. आधी भोक इतकं बारीक पडलं की थेंब येईना. मग इतकं मोठं की धोंडबाजींचा सदरा भिजला. शेवटी जमलं एकदाचं!

"काकाजी, बोला, जेवा. फक्त ओरडू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाही जी," म्हणाले. पोळा तोंडावर आलेला. कसले ऐकतात!

मिरवणुकीत छाती फुगवून ओरडले, "कोरडं तोंड घेऊन जा गे मारबत!"

मारबतीनं कोरडं तोंड ठेवलं, मला नेलं. मी उडाले ती थेट मागून येणाऱ्या बडग्याच्या तोंडात. हा गवताचा पुतळा यंदा खड्डेवाल्या ठेकेदाराचा होता, आ वासलेला.

"पाह्य गा, काय फिनिशिंग हाय!"

"अबे, लाळ गळून राह्यली याची!"

लोक माझ्यासोबत सेल्फी काढू लागले. मला मेलीला क्षणभर बरंही वाटलं. मग आठवलं, बडगे शेवटी जाळतात.

धोंडबाजी मागे धावत होते. जीभ टाळूला चिकटलेली, शब्द फुटेना. हातवारे केले, तर लोकांना वाटलं बुढा नाचतो, तेही नाचले. बडग्याच्या पायाशी आग लागली. माझी टाकी उकळायला लागली, देवा!

तेवढ्यात प्रयागबाई गरजली, "इझवा नं बे! आमच्या बुढ्याचे दात हायेत त्याच्या तोंडात!"

बादल्या ओतल्या गेल्या. धोंडबाजींनी मला उचललं, फुंकलं, छातीशी धरलं. म्हातारा ढसाढसा रडला हो.

माझी एक दाढ अजून काळी आहे. ते नवी कवळी करू देत नाहीत.

पुढच्या मारबतीला गर्दीत एखादा म्हातारा तोंडावर हात दाबून ओरडताना दिसला, तर त्याला धक्का देऊ नका. त्यानं मला धरून ठेवलंय.