संसदेत गेलेली वेताची टोपली

मी वेताची टोपली बोलतेय. पाठीवर अडकवायची, दोन पट्ट्यांची.

नदीच्या वरच्या अंगाला एक लांबलचक घर होतं, एकाच छपराखाली वीस-बावीस बिऱ्हाडांचं. त्यातल्या मधल्या बिऱ्हाडात रेमाई म्हातारी राहायची आणि तिच्या दोन नाती राहायच्या, थोरली सुलाऊ, धाकटी तिया. पोरींची आई लवकर गेली, बाप लाकूडतोडीला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा म्हातारीच त्यांची आई आणि म्हातारीच बाप.

मला विणलं तिनंच. जंगलातून वेत ओढत आणला, भिजत घातला, चिरला, तासला आणि ओसरीवर पाय पसरून बसली. विणताना तिचं तोंड हातापेक्षा जोरात चालायचं. शेजारणीशी वाद, कोंबड्यांना शिव्या, मेलेल्या नवऱ्याची थट्टा, सगळं माझ्या विणीत आहे. म्हणून तर मी अशी बोलकी.

मी धान वाहिलं, काकड्या वाहिल्या, एकदा डुकराचं पिल्लू वाहिलं. ते सारखं ओरडत होतं आणि माझ्यात नको ते करून गेलं. सुलाऊची शाळेची पुस्तकं मीच वाहिली. ती शिकली, मास्तरीण झाली. मग लोकांनी तिला खासदारकीच्या निवडणुकीला उभं केलं, तेही सरकार पक्षाच्या विरोधात. निवडून येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, तिलासुद्धा नाही. आली.

संसदेसाठी राजधानीला, क्वालालंपूरला जायच्या दिवशी पक्षाच्या लोकांनी तिला चामड्याची बॅग दिली. म्हातारीनं ती उघडून आत नाक घातलं.

"ह्यात काय मावणार? कागद," ती म्हणाली आणि माझ्यात सुके मासे भरायला लागली.

संसदेच्या दारावर शिपायानं मला उघडून बघितलं.

"बाई, ह्यात काय?"

"जेवण."

"एवढं?"

"विरोधी पक्षाला कोण जेवायला बोलावतं, भाऊ?"

शिपाई हसला. पुढं पुढं तर तो माझ्यातला एक मासा हक्कानं काढून घ्यायचा.

सभागृहात मला परवानगी नव्हती. मी बाहेरच्या दालनात टेबलाखाली बसायची. भिंतीवर टीव्ही होता, त्यात आतलं सगळं दिसायचं. माणसांची एक गंमत मी तिथं बघितली. आत एकमेकांवर खेकसणारे बाहेर आले की एकमेकांच्या मुलांच्या लग्नाची चौकशी करायचे, कॉफीत साखर किती विचारायचे. मला वाटायचं, हे असं आत का नाही बोलत?

सुलाऊ रस्त्यासाठी बोलायची, शाळेच्या गळक्या छपरासाठी बोलायची, विजेसाठी बोलायची. पण एक गोष्ट ती दर अधिवेशनात मागायची. नदीच्या वळणावर पूर्वी सरकारी दवाखाना होता, लहानसाच. तिथली नर्सबाई बाळंतपणं करायची. माणसं थोडी आहेत म्हणून सरकारनं तो बंद केला. तेव्हापासून बाईला कळा सुरू झाल्या की नावेत घालून खाली तालुक्याला न्यायचं. उन्हाळ्यात पाणी आटतं, नाव दगडांना टेकते, सगळ्यांनी उतरून ढकलायची.

तियाचं पहिलं बाळ त्या दगडांमध्येच झालं. ते रडलं नाही. मी त्या नावेत होते. माझ्यात बाळाचे कपडे होते. ते तसेच, घडीसुद्धा न मोडता, घरी परत आले.

आता तियाला पुन्हा दिवस गेले होते आणि बाळ यायचं होतं ते नेमकं पाणी आटण्याच्या दिवसांत.

सुलाऊ सुट्टीला घरी आली तेव्हा म्हणाली, "तू माझ्याकडं चल. तालुक्याला घर आहे, मोठं हॉस्पिटल आहे."

तिया नवा तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला तू नेशील ताई. शेजारच्या लिंगाईला कोण नेणार? तिलाही सहावा चाललाय. तिची बहीण काही खासदार नाही."

"मग मी करू काय?"

"बोलतेस ना तिथं? बोल."

सुलाऊ मला टेकून बसली. मला तिची पाठ कळते. त्या दिवशी ती पाठ फार थकलेली होती.

निघताना तियानं नव्या तांदळाचा भात बांबूत शिजवून माझ्यात उभा रचला. म्हणाली, "तिथं एकटी खाऊ नकोस."

त्या अधिवेशनात सुलाऊ पुन्हा दवाखान्यावर बोलली. उत्तर द्यायला उपमंत्री उठले, दातुक गराई. दातुक ही सरकारनं दिलेली मानाची पदवी. हे आमच्याच माणसांपैकी, शेजारच्या नदीचे. पण शहरात राहून राहून अंगावर चरबी आणि आवाजात तूप आलेलं.

"माननीय सदस्यांना प्रत्येक वळणावर दवाखाना हवा आहे," ते म्हणाले. "उद्या प्रत्येक झाडाखाली मागतील."

बाकं हसली.

"झाडाखाली नको," सुलाऊ म्हणाली. "आमच्या बाया नावेत बाळंत होतात, तिथं द्या."

सभापती म्हणाले वेळ संपली आणि तिचा माईक बंद झाला. टीव्हीवर तिचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं.

ती बाहेर आली, माझ्याशेजारी बसली, बांबू फोडला. वास सगळ्या दालनात गेला. तिच्या पक्षाचे एक वकील होते, शहरातले, ते लगेच येऊन बसले. इतक्यात समोरून गराई निघाले, मागं दोन माणसं.

आमच्याकडं जेवणारा माणूस जाणाऱ्याला हाक मारतोच, तो वैरी असला तरी. सुलाऊच्या तोंडून गेलं, "या मामा, भात खाऊ."

"घाई आहे," ते न बघता म्हणाले आणि गेले.

सुलाऊचा घास हातातच राहिला.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्यात कुणी खायला बोलावलं आणि खायचं नसलं, तरी घासाला बोट लावायचं आणि ते ओठाला टेकवायचं. तसंच गेलं तर त्या माणसामागं काहीतरी लागतं. साप म्हणा, मगर म्हणा, पडणं-झडणं म्हणा. शिकलेलेही हे मोडत नाहीत. मोडलं की जीव टांगणीला लागतो, आणि बोलावणाऱ्याचा आधी.

"काय झालं?" वकिलांनी विचारलं.

"त्यांनी हात नाही लावला."

"कशाला?"

"भाताला."

"बरंच की. आपल्याला जास्त."

पण सुलाऊ उठली होती. मला पाठीवर टाकलं, एका हातात बांबू घेतला आणि पळत सुटली. गालिच्यावरून, खांबांमधून, पत्रकारांच्या मधून. कुणीतरी म्हणालं, बाई मारायला निघाली बहुतेक. कॅमेरे वळले.

"गराईमामा, थांबा. हात लावून जा."

गाडी फाटकाशीच उभी होती. दार उघडं, गराईंचा एक पाय बाहेर.

"मीच परत येत होतो," ते म्हणाले. कपाळाला घाम होता. "गाडीत बसलो आणि आठवलं, भाताला बोट लावलं नाही."

त्यांनी भाताला बोट लावलं, ओठाला टेकवलं.

"झालं. आता जा सुखानं," सुलाऊ धापा टाकत म्हणाली.

ते गेले नाहीत. ओठ चाटले. "डोंगरउतारावरचा ना हा? आई असाच शिजवायची." आणि एवढा मोठा माणूस तिथंच फाटकाच्या पायरीवर बसला, बांबूत बोटं घालून खायला लागला. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्यावर एवढी चिडलेली होतीस. पळत कशाला आलीस?"

"चिडलेय अजून. पण तुम्हाला साप चावावा इतकी नाही."

ते हसले. "कुणाच्या घरचा भात?"

"माझ्या बहिणीच्या."

मग तिनं सांगितलं. आत बोलायची तसे आकडे नाहीत, कलमं नाहीत. नाव, दगड, घडी न मोडलेले कपडे, आणि आता पुन्हा येणारं बाळ. गराईंचा हात थांबला.

"हे आत का नाही बोललीस?"

"आत तुम्ही ऐकायला बसता?"

त्यांनी खरंच विचार केला. "नाही," ते म्हणाले. "आत मी उत्तर द्यायला बसतो."

उठताना एवढंच म्हणाले, "बघतो." त्या दालनात मी हा शब्द इतका ऐकला होता की माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

पण सुगीच्या सणाला ते आमच्या घरी आले. पाणी उतरायला लागलं होतं. नाव दगडाला टेकली तेव्हा रेमाई म्हातारी, जी त्यांना आणायला मुद्दाम गेली होती, ती बसल्या जागेवरून म्हणाली, "उतरा मंत्री, ढकला. मी म्हातारी आहे आणि तुम्ही चांगले खाल्लेले दिसता."

विजार वर खोचून त्यांनी ढकलली. दोनदा पडले. ओसरीवर आले तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता. तियानं त्यांना पाणी दिलं. त्यांनी तिच्या पोटाकडं बघितलं, मग नदीकडं. त्या दिवशी भाषण कुणी केलं नाही.

नदी पुरती आटायच्या आत दवाखाना उघडला. नवी नर्सबाई आली. दारावर पाटी लागली, तिच्यावर सरकार पक्षाचं नाव, गराईंचं नाव. सुलाऊचं कुठंच नाही. तिच्या पक्षाची पोरं रागावली. म्हातारी म्हणाली, "पाटीवर कुणाचं का असेना. बाळ काय वाचून बाहेर येतं?"

आधी लिंगाईला मुलगा झाला. मग एका भर दुपारी तिथंच तियाला मुलगी झाली आणि अशी रडली की दवाखान्याच्या ओसरीवरची कुत्री उठून उभी राहिली. रेमाई म्हातारी पायरीवरच बसली आणि तिनं पदरात तोंड घातलं.

माझा एक पट्टा आता तुटलाय, बूड बसलंय. राजधानीला माझी धाकटी बहीण, म्हणजे नवी टोपली, जाते. मी दवाखान्यात असते, माझ्यात कापसाचे गठ्ठे असतात. कुबट हवेत माझ्यावर बुरशी चढते, तेवढी कुणी उन्हात ठेवत जा, मी अजून पुष्कळ टिकेन.

काल मला उन्हात ठेवायला घरी आणलं होतं, तेवढ्यात सुलाऊ अधिवेशन संपवून आली. पायरीपासूनच सुरू झाली, सभापती काय म्हणाले, ती काय म्हणाली. तियानं नुसतं बघितलं आणि म्हणाली, "ताई, हळू."

आणि जिला सबंध संसदेत कुणी गप्प करू शकलं नाही, ती आमची खासदारीण जमिनीवर बसली आणि कुजबुजत विचारायला लागली, आज दूध किती प्याली, नाक कुणावर गेलंय.

तुम्हीही इकडं आलात तर चढावरून जरा सावकाश या. आमच्या घरात बाळ झोपलंय.