गाडीत राहिलेला मीटर

पाइपांचे वेल्डिंगचे जोड आतून पोकळ तर राहिले नाहीत ना, हे तपासायचं काम दादाचं. जाड पेटीत मण्याएवढा धातूचा तुकडा असायचा. तारेने तो नळीतून पुढे ढकलायचा. त्याचे गॅमा किरण जोडातून आरपार जाऊन फिल्मवर उमटले, की तुकडा पुन्हा पेटीत ओढून घ्यायचा. बावीस वर्षं त्याने हे डोळे झाकून केलं. तेविसाव्या वर्षी तुकडा तारेवरून सुटून नळीतच राहिला आणि दादाने ती नळी हाताने गुंडाळून ठेवली. किरण ना दिसतात, ना त्यांचा वास येतो. हात लाल व्हायला चार दिवस लागले. आधी बोटं गेली, मग मनगटापासून हात. पुढे रक्तच बिघडलं.

चौकशीत तो म्हणाला, "किरण मोजायचा मीटर बंद होता." स्टोअरकीपरने बंद मीटर दिला असं ठरलं, आणि त्याची नोकरी गेली.

दादाची धाकटी बहीण प्रयोगशाळेत प्लास्टिकवर काम करायची. दादानेच तिला शिकवलेलं. त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला, किरण आदळले की चमकणारं स्वस्त प्लास्टिक. ती चमक डोळ्यांना दिसत नाही, पण मागे बसवलेला सेन्सर टिपतो आणि वाजतो. अडचण अशी, की नुसत्या प्लास्टिकमधून गॅमा किरण चाळणीतून पाणी जावं तसे निघून जातात. त्यांना अडवायला बिस्मथसारखा जड धातू मिसळावा लागतो. धातू मिसळला, की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि प्लास्टिक गढूळ होतं. चमक आत उमटते नि आतच मरते.

"बाई, आजही चुन्याचं पाणीच," भट्टी उघडून मामा म्हणायचे. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने मदतनीस. दीड वर्ष ते हेच म्हणत होते.

दर गुरुवारी रक्त तपासून झालं की दादा तिच्याकडे येऊन बसायचा. एकदा तिने त्याला यंत्राचा नमुना दाखवला. चांगला विटेएवढा होता.

"हे धूड कोण घेऊन फिरणार?"

"तुझ्या मीटरपेक्षा लहान आहे, दादा."

"मीटर तरी कुठे घेऊन फिरत होतो?" तो हसला. मग खाली बघत म्हणाला, "बंद नव्हता गं तो. गाडीत होता. ऊन होतं, गाडी लांब होती. म्हटलं, दोनच जोड राहिलेत, कशाला हेलपाटा."

"आणि तो स्टोअरकीपर?"

"माझ्या तोंडून निघून गेलं. मग मागे घेता येईना."

ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, त्याचा राग यावा याचीच तिला लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या दारात उभी राहिली. "चल," एवढंच म्हणाली.

स्टोअरकीपर आता एका शाळेच्या फाटकावर रखवालदार होता. दादाने डाव्या हाताने लिहिलेला कबुलीजबाब पुढे केला. वेडीवाकडी अक्षरं स्टोअरकीपरने बोट ठेवून वाचली.

"याची एक प्रत कंपनीला दिलीय," दादा म्हणाला. "माझं चुकलं."

"माझी बायको विचारायची, मीटर खरंच चालू होता ना हो? शेवटपर्यंत विचारायची." त्याने कागदाची घडी घातली. "गेल्या वर्षी गेली ती. आता हा कुणाला दाखवू?"

मग शाळेची गाडी आली, म्हणून तो फाटक उघडायला गेला.

कंपनीने त्याला परत बोलावलं. तो गेला नाही. दादा त्यानंतर चाळीस दिवसांनी वारला.

बहिणीने विटेएवढा नमुना मोडीत काढला. आता कॉलरला शिवता येईल असं बटण हवं होतं, गाडीत विसरता न येणारं. धातूच्या प्रत्येक कणावर तिने तेलकट रेणूंची लांब लव असलेलं आवरण चढवलं, म्हणजे कण एकमेकांना चिकटणार नाहीत. सात महिन्यांनी मामांनी भट्टीतून चकती काढली, वर्तमानपत्रावर ठेवली आणि तिच्यातून बातमी मोठ्याने वाचली. चाचणीच्या खोलीत बटण पहिल्याच फटक्याला वाजलं.

संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनीने बटण तळहातावर घेतलं.

"हे यांच्या कॉलरला असतं तर?"

"तर वाचला असता."

"कसले वाचतात! कॉलर टोचते म्हणून शर्टच काढून ठेवला असता."

दोघींना हसू फुटलं, आणि बराच वेळ थांबलं नाही. मग वहिनीने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "मऊ नाही का गं करता येणार?"

"बघते," ती म्हणाली.