जिन्यात कोणी?

शंकाकाका हे नाव त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की खुद्द काकूंनाही त्यांचं खरं नाव आठवायला क्षणभर लागे. जन्मभर कॉलेजात रेल्वेच्या सिग्नलांचं शास्त्र शिकवलेला हा माणूस घराला कुलूप लावून निघाला की ते ओढून बघायला परत वर येई, आणि ओढता ओढता आपण ते उघडून तर ठेवलं नाही ना, या धास्तीने आणखी एकदा. जिना चढण्याआधी काठी दोनदा आपटायची, घसा खाकरायचा आणि मगच पहिल्या पायरीवर पाऊल टाकायचं, हेही ठरलेलं. पायरी जागेवर आहे याची खात्री करून घेतात, असं वकील म्हणत.

इमारत जुनी, एका मजल्यावर एकच घर, आणि जिना असा अरुंद नि वळणावळणाचा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पालीसारखं भिंतीला चिकटावं. साथ आली आणि त्या जिन्याचीच सगळ्यांना भीती वाटू लागली. कारण पहिल्या मजल्यावर सिस्टर राहायच्या, आणि त्यांची ड्यूटी नेमकी त्याच आजाराच्या वॉर्डात होती. शिवाय सगळ्यात वरच्या मजल्यावर काकू होत्या. त्यांचं एक फुप्फुस तरुणपणीच निकामी झालेलं. "यांना संसर्ग झाला तर आमच्या हातात फारसं काही उरणार नाही," असं डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि ते वाक्य काकांच्या कानात दिवसभर घोळत असे.

अंगणात लांब लांब उभं राहून बैठक झाली.

"सिस्टर, राग मानू नका," वकील म्हणाले, "पण थोडे दिवस दुसरीकडे सोय होते का बघा."

"आणि उद्या तुम्ही आडवे झालात, वकीलसाहेब, तर सुई कोण टोचणार?" तळमजल्यावरचा टेलर म्हणाला. "मी टोचेन, पण माझी मशीनची आहे."

कोणी हसलं नाही. सिस्टर मान खाली घालून उभ्या होत्या. काकांना वकिलांचंही पटत होतं आणि टेलरचंही, आणि दोन्ही पटतंय याची लाजही वाटत होती. तेवढ्यात वरच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"ती कुठे जायची नाही. अहो, जन्मभर गाड्यांच्या टकरी टाळायला शिकवलंत ना पोरांना? मग एवढा एक जिना सांभाळता येत नाही तुम्हाला?"

आणि काकांनी तो सांभाळला. एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी, हा त्यांच्या शास्त्राचा पहिला नियम. जिन्यात पाय ठेवण्याआधी मोठ्याने विचारायचं, "जिन्यात कोणी?" आत कोणी असेल त्याने म्हणायचं, "आहे!" मग थांबायचं. त्याने आपल्या दारात पोचून "मोकळा!" म्हटलं की निघायचं. एका घरची माणसं म्हणजे एक गाडी. जिन्याच्या खिडक्या सताड उघड्या, तोंडाला टेलरने शिवलेले मास्क, आणि कठड्याला हात लावायचा नाही. वकिलांनी पहिल्या दिवशी कोर्टातल्यासारख्या हरकती घेतल्या, पण आठवडाभरात त्यांचाच "आहे!" सगळ्यांत खणखणीत ऐकू येऊ लागला. संध्याकाळचा फेरफटका त्यांनी सोडला आणि गच्चीही सिस्टरना कपडे वाळवायला सोडून दिलं. काकूंनी तर उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणंच बंद केलं होतं. एवढं सगळं आपल्या शब्दावर चाललंय, या विचाराने काकांची झोप मात्र उडाली. नियमात एखादी फट राहिली असली तर?

ती फट, की काय म्हणावं ते, एका सकाळी त्यांना सापडली. ते दूध घेऊन आले होते. पिशवीला कुठेतरी भोक पडलेलं असावं, थेंब थेंब फरशीवर ठिबकत होते. त्यांनी काठी दोनदा आपटली, घसा खाकरला आणि विचारलं, "जिन्यात कोणी?"

"आहे," वरून उत्तर आलं.

काकांनी पायरीवर ठेवलेलं पाऊल मागे घेतलं. आवाज पुरुषाचा होता, वयस्कर होता, पण वकिलांचा नव्हता आणि टेलरचाही नव्हता. त्या आवाजात एक प्रकारचा निवांतपणा होता, घर स्वतःचं असलेल्या माणसाचा असावा तसा. पावलं वर चढत होती, दोघांची. एक भक्कम, आणि दुसरं सावकाश, प्रत्येक वळणावर दम खायला थांबणारं. दुधाचं छोटं तळं साचेपर्यंत काका तिथे उभे होते. मग "मोकळा" असा शब्द आला. वर जाताना त्यांनी दोन्ही दारं निरखून पाहिली. बंद होती. त्यांचं स्वतःचं दार मात्र सताड उघडं होतं, आणि काकू आत गाढ झोपलेल्या. आपणच कुलूप न लावता गेलो असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं; आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पक्कं आठवत होतं की कुलूप आपण दोनदा ओढून पाहिलं होतं.

त्यांनी कोणालाही विचारलं नाही. शंकाकाकांना आता आवाज ऐकू यायला लागले, हे वकिलांच्या तोंडून ऐकायची त्यांची तयारी नव्हती. शिवाय आवाज रोज येत नसे. आला की काका थांबत, आणि थांबल्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग एका दुपारी ते आरशासमोर दाढी करत होते. सगळ्या चेहऱ्याला साबण होता. काकूंना घरात कोंडून घेऊन इतका उबग आला होता की त्या कोणाला न सांगता दार उघडून बाहेर पडल्या. अंगणातल्या झाडाला फुलं आली आहेत, ती जिन्याच्या खिडकीतून बघून लगेच परतायचं, एवढाच बेत. थोड्या वेळाने त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बरं झालं तुम्ही ओरडलात," त्या म्हणाल्या. "मी वळण उतरणारच होते. सिस्टर खाली कोसळल्यात. तापाच्या ग्लानीत विचारायचंही भान राहिलं नाही, तशाच चढत आल्या होत्या बिचाऱ्या."

"मी?" काका म्हणाले. "मी कुठे ओरडलो?"

"तुम्ही नाही तर कोण? 'थांब, आहे!' असं केवढ्याने!"

काकांनी हातातल्या वस्तऱ्याकडे पाहिलं. साबण ओठांवरसुद्धा तसाच होता, कुठे मोडलेला नव्हता.

सिस्टरना त्यांच्याच हॉस्पिटलने नेलं. टेलर रोज फाटकाशी उभा राहून निरोप घेई. वकिलांनी सिस्टरच्या गावाहून आलेल्या आईला हॉस्पिटलजवळच खोली मिळवून दिली, आणि तिथल्या अधिकाऱ्याशी फोनवर भांडताना ते म्हणाले म्हणे, की त्या आमच्या घरच्या आहेत. सगळी इमारत दाराआड बसून राहिली. जिना इतका मोकळा कधी नव्हता. पण दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. काकूंना साधा खोकलाही झाला नाही. आणि एका संध्याकाळी खालून एक थकलेला, घोगरा आवाज आला, "जिन्यात कोणी?" तेव्हा सगळ्या दारांमागून एकदम टाळ्या वाजल्या.

साथ ओसरली, बंधनं उठली. अंगणात पुन्हा बैठक झाली, यावेळी खुर्च्या एकमेकींना चिकटवून. वकिलांनी भाषण केलं. "ज्यांना मी शंकाकाका म्हणत आलो, त्यांनी या इमारतीतलं एकही माणूस गमावू दिलं नाही! आणि सिस्टर, पहिल्या बैठकीत मी जे बोललो..."

"ते मी ऐकलंच नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "पण काका, त्या दुपारी तुम्ही वरून थांब म्हणालात ना, त्या आवाजाने मी भानावर आले. तिथेच बसले म्हणून वाचले. नाहीतर गडगडत खालीच गेले असते."

"मलाही कितीदा थांबवलंय यांनी," टेलर म्हणाला. "मी म्हणायचो, हा म्हातारा झोपतो कधी?"

सगळे हसले. काकांना दोन शब्द बोलायला लावलं, टेलरने ते फोनवर टिपले आणि लगेच मोठ्याने लावून दाखवले. टिपलेला आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो, हे काकांना ठाऊक होतं. पण फोनमधला तो निवांत, भक्कम आवाज परका नव्हता. त्या सकाळी, पिशवी ठिबकत असताना, त्यांनी तो ओळखीच्या सगळ्या आवाजांशी ताडून पाहिला होता. फक्त एक सोडून, स्वतःचा.

काकांनी काकूंचा हात धरला आणि दोघं वर निघाले. काठी त्यांनी काखेत मारली होती. कितीतरी महिन्यांनी काकू अख्खा जिना चढत होत्या, प्रत्येक वळणावर दम खायला थांबत होत्या आणि हसत होत्या. खिडकीतून अंगण दिसत होतं. वकील, टेलर, सिस्टर, सिस्टरची आई, सगळे खुर्च्यांवरच होते.

खाली, जिन्याच्या तोंडाशी, काठी दोनदा आपटली. कोणीतरी घसा खाकरला.

"जिन्यात कोणी?" आवाज म्हाताऱ्याचा होता, घाबरलेला.

काका जागच्या जागी थांबले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि काकूंच्या चेहऱ्यावर नवल असं अजिबात नव्हतं.

"उत्तर द्या की," त्या हळूच म्हणाल्या. "बिचारा खोळंबलाय."

"आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज सगळ्या जिन्यात भरून राहिला. खाली पायरीवर ठेवलेलं एक पाऊल मागे गेलं. मग फरशीवर थेंब थेंब काहीतरी ठिबकत असलेलं तेवढं ऐकू येत राहिलं.

ते घाई न करता चढले. काकांनी कुलूप काढलं, काकू आत जाऊन आडव्या झाल्या. पहिल्यांदाच कसलीही शंका मनात न येता काकांनी खाली वाकून, स्वच्छ आवाजात सांगितलं, "मोकळा."

काठी पायऱ्यांवर वाजू लागली.

"दार लावता का?" काकूंनी झोपाळू आवाजात विचारलं.

"नको," काका म्हणाले. "उघडंच असतं ते."