पोटाला हात लावू नका

पाटोद्याच्या बाजारात मी एक मेंढा विकायला उभा होतो, तेव्हा सायली मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे कुत्र्यांपासून माणसाला होणाऱ्या किड्यांच्या रोगावर संशोधन करणारी पोरगी. आमच्या मेंढवाड्यावर तीन-चार वेळा येऊन गेलेली. एरवी ती आधी मेंढरांची, मग माणसांची ख्यालीखुशाली विचारायची. आज तिनं थेट विचारलं, शिवकन्याताई कुठं आहेत.

शिवकन्या माझी थोरली बहीण. मी अक्का म्हणतो. पोट दुखतं, काम होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला वडवणीहून माहेरी आणून टाकलं होतं. बरी झाली की पाठवा, असं सांगून गेले. बरी नाही झाली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

"त्यांच्या पोटाला कुणालाही हात लावू देऊ नका," मॅडम म्हणाली. "चोळणं नको, दाबणं नको. आजच्या आज बीडला आणा."

मग कारण सांगितलं. अक्काच्या कलेजीत पाण्याची पिशवी झाली होती. मोठ्या कवठाएवढी. आत किड्याची पिल्लं. हा किडा कुत्र्याच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर, पाण्यावर, हातावर येतात आणि माणसाच्या पोटात जातात. पिशवीची एक बाजू पातळ झाली होती. ती फुटली आणि आतलं पाणी अंगात पसरलं, तर अंगाला खाज सुटते, श्वास कोंडतो, माणूस तिथल्या तिथं जाऊ शकतो.

मी मेंढा शेजारच्या माणसाच्या हवाली केला आणि गाडीला किक मारली. कारण त्याच दिवशी सकाळी आबांनी, म्हणजे आमच्या बापानं, छबुबाईला निरोप धाडला होता. अक्काची बेंबी सरकलीय, असं आबांचं निदान होतं. आणि सरकलेली बेंबी जागेवर आणणारी छबुबाईसारखी बाई आमच्या डोंगरात दुसरी नाही. तेल लावून ती दोन्ही अंगठे पोटात असे रुतवते की गडी माणूस ओरडतो.

घरी फोन लावून उपयोग नव्हता. मेंढवाड्यावर रेंज नाही. रेंज असलेल्या टेकाडावर फोन घेऊन बसायला तिथं कोण रिकामं आहे?

आता आबांना बेंबी का आठवली ते सांगतो, कारण मला राग त्याचाच आहे. मॅडमच्या लोकांनी आमचं रक्त नेलं, कुत्र्यांची घाण डब्यांत भरून नेली. आम्ही हसलो. रक्तात संशय आला त्यांची सोनोग्राफी करायची ठरली. मशीन डोंगरावर आणता येत नाही, कायदा आहे. कायदा कशामुळं झाला ते बीड जिल्ह्यातल्या माणसाला विचारू नये. ज्यांनी याच मशीननं पोरी शोधून मारल्या ते आमच्यातलेच होते, आकाशातून पडले नव्हते. तर अक्काला जीपमध्ये घालून बीडला नेलं. तिथल्या डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवलं आणि एक शब्द बोलला नाही. बाई टेबलावर असताना तोंड उघडायचंच नाही, अशी सवय लागलेली. अक्काच्या पोटात लेकरू नव्हतं, तरी नाही. रिपोर्ट गेला मॅडमच्या मोठ्या साहेबांकडं. साहेबांनी तो बाकीच्या रिपोर्टांसोबत नंतर वाचायला ठेवला. त्यांच्यासाठी आम्ही सगळे मिळून एक अभ्यास. आणि अक्का मेंढवाड्यावर कळा सोसत पडलेली.

आबांनी याचा हिशोब सरळ लावला. मशीननं पाहिलं, डॉक्टर बोलला नाही, म्हणजे आत काही नाही. मग बेंबीच.

घाट चढताना मला सारखे छबुबाईचे अंगठे दिसत होते.

पोचलो तेव्हा अक्का घोंगड्यावर उताणी होती. पोट तेलानं चकाकत होतं. छबुबाई गुडघ्यावर बसून पदर खोचत होती. मी धावतच ओरडलो, मावशी, हात काढा. तिनं हात काढला नाही, नुसती मान वळवली. तुझ्या बापानं बोलावलंय, तू नको सांगू, असं म्हणाली. आबा चिडले. बाजार सोडून आलास का रं, मेंढा कुठंय, त्या पोरीनं काय खूळ भरवलं. मी सांगत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. पिशवी, किडा, अंडी. शेवटी मला राग आला तो माझ्याच शब्दांचा.

"माय," मी म्हणालो, "मेंढी कापल्यावर कलेजीत पाण्याचे फुगे निघतात ना? तसला एक अक्काच्या पोटात हाय."

माय, म्हणजे दगडाबाई, चुलीपाशी होती. आमच्यात जनावर कापलं की कलेजी तीच साफ करते. फुग्यांचा भाग काढते आणि कुत्र्यांना टाकते. वाया कशाला घालवायचा. सगळ्या मेंढवाड्यांवर असंच करतात. कुत्रं ते खातं, त्याच्या पोटात किडा होतो, आणि फेरा पुन्हा सुरू. हे मॅडमनं आम्हाला दोनदा सांगितलं होतं. आम्ही माना हलवल्या होत्या.

माय उठून आली. छबुबाईच्या मनगटाला धरून म्हणाली, "छबे, सुरीचं टोक लागलं तरी त्याचं पाणी तोंडावर उडतं. सोड."

छबुबाईनं हात असा उचलला जणू पोट तापलेला तवा आहे. मग हळूच बोलली, मी एकदा दाबलंय गं. लई न्हाई. पण दाबलंय.

त्यानंतर कुणी कुणाशी भांडलं नाही.

खालच्या गावातल्या मोहनरावांचा पिकअप मिळाला, मेंढरं वाहायचा. मागं गवत टाकलं, त्यावर घोंगडं, त्यावर अक्का. ड्रायव्हर पप्पू. मॅडम फोनवर म्हणाली होती, खाज सुटली किंवा दम लागला तर कुठंही थांबू नका. आम्ही सगळे अक्काकडं बघत होतो. घाटाच्या वरच्या वळणावर तिनं दंड खाजवला. मग मान. घोंगडं टोचतंय, ती म्हणाली. आणि घोंगडं तर टोचतंच, जन्मापासून टोचतंय. पण त्या दिवशी ती घोंगड्यामुळं खाजवतेय की पोटातल्या पाण्यामुळं, हे सांगणार कोण? मी घोंगडं काढून फेकलं. ती पुन्हा खाजवायला लागली. गवतामुळं, असं आबा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

पप्पूला काही कळेना. जोरात न्यावं तर खड्ड्यात आदळून पिशवी फुटेल, हळू न्यावं तर वाटेतच काही व्हायचं. तो एकदा गॅस दाबायचा, एकदा ब्रेक. मागून ट्रक बोंबलायचे. शेवटी अक्काच एका कुशीवर वळली, मागच्या खिडकीची काच वाजवली आणि तिला गाडी कशी चालायला हवी ते सांगायला लागली. आता सोड. आता धर. डाव्या अंगानं घे, तिथं डांबर हाय. बीडपर्यंत ती बोलत होती. दम लागतोय का हे त्यावरून तरी आम्हाला कळत होतं.

सायली मॅडम दवाखान्याच्या दारात उभी होती. साहेबांकडं पडलेला रिपोर्ट तिनं स्वतःच वाचला आणि त्यांना न विचारता फोन केला होता, हे तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा तिचं तोंड आमच्यापेक्षा पांढरं होतं.

पुन्हा टेबल. पुन्हा मशीन. डॉक्टर दुसरा, सवय तीच. पोटावर मशीन फिरवत होता, पडद्याकडं बघत होता आणि ओठ शिवलेले. आबा दारात, मी त्यांच्या मागं. माय बाहेर बाकावर. किती वेळ गेला मला माहीत नाही. मशीनचा हात एका जागी थांबला, मागं गेला, पुन्हा तिथंच आला.

अक्कानं त्याचं मनगट धरलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझ्या पोटात लेकरू न्हाई. बोला."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"फुटलेली नाही," तो म्हणाला.

आबा दाराला टेकले. डॉक्टर बोलायला लागला आणि मग बोलतच राहिला, जणू इतक्या वर्षांचं साचलेलं. त्यानं पडदा तिच्याकडं वळवला. काळा गोळा, त्याच्या आत बारके बारके गोळे. आधी गोळ्या सुरू करायच्या, मग ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये फुटू शकते. नाही केलं तर आपोआप कधीतरी फुटेलच. हमी कुणी देणार नाही.

अक्का पडद्याकडं बघत होती. हे कधीपासून हाय, तिनं विचारलं.

"फार सावकाश वाढतं. बहुतेक लहानपणापासून."

"म्हंजी सासरी जाताना मी घेऊनच गेलते."

आबांनी मान खाली घातली. मेंढवाड्यावर कुत्र्यांच्या संगतीनं वाढवलेली पोर त्यांनीच ठणठणीत म्हणून दिली होती, आणि नासकी म्हणून परत आली तेव्हा त्यांनीच गपगुमान ठेवून घेतली होती. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं सुद्धा.

अक्कानं त्यांच्यासाठी थांबायची तसदी घेतली नाही. तिनं साडी स्वतः नीट केली, उठून बसली आणि डॉक्टरला विचारलं, गोळ्या जेवायच्या आधी घ्यायच्या का नंतर.