कोपऱ्यातली कोल्ही

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यात, हरिसिंगच्या घरी, टीव्हीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली आहे. माझ्यात लाल कोटवाले साहेब घोडे उधळत निघालेत. त्यांच्यापुढे शिकारी कुत्र्यांची झुंड आहे आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, बोटभर जागेत, जीव मुठीत धरून पळणारी एक कोल्ही आहे.

माझा जन्म विलायतेतला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून मला कागदावर छापलं आणि मग बायकांनी हातानं रंगवलं. साहेबांच्या कोटांना लाल रंग भरभरून मिळाला. कोल्हीच्या वाट्याला उरलासुरला तांबूस आला. पुढे बोटीनं आणि मग रेल्वेनं, बैलगाडीनं मी दिग्रसच्या एका कापूस जिनिंगच्या कारखान्याच्या बंगल्यात आले. येणारेजाणारे माझ्या घोड्यांचं कौतुक करत आणि मी फुशारून जाई. मग जिनिंग बंद पडलं. माझ्यावर धुळीची पुटं चढली, काचेला तडा गेला, कुणी ढुंकूनही पाहीना.

तिथले चौकीदार धावजी, म्हणजे हरिसिंगचे वडील, यांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि घरी आणलं. कुत्रे पाहून ते हरखले. "हे तं आपलेच!" म्हणाले. तांड्याचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरत, तेव्हा असेच उंच कुत्रे त्यांच्यासोबत चालत. साहेबांनी आपलेच कुत्रे नेले, हा समज तेव्हापासून घरात पक्का बसला. धावजी गेले, समज राहिला.

यंदा चैत्रात रानातल्या एका कोल्हीनं घरच्या कोंबड्या पळवल्या. हरिसिंगनं आपला कुत्रा बादल आणि तांड्यातले आणखी चार कुत्रे गोळा केले. त्याची आई बसंतीबाई दारात आडवी आली.

"नोको जाऊ. चैताचे दिवस हायेत. तिच्या बिळात पिल्लं असतीन."

"याडी, कोंबड्या तुह्याच नेल्या ना तिनं? अन् आपले कुत्रे शिकारीचेच हायेत. पाय ना फोटोत!"

"बैलाईच्या राखणीचे होते रे ते," म्हातारी म्हणाली. तो थांबला नाही.

मित्रांनो, माझ्यातल्या झाडांना एकही पान नाही. ती शिकार ऐन थंडीतली आहे. पिल्लांच्या दिवसांत ते साहेबसुद्धा कुत्रे बांधून ठेवत. इतकी वर्षं सगळ्यांनी माझे घोडे पाहिले, कुत्रे पाहिले, झाडं कुणी पाहिली नाहीत. ओरडून सांगावंसं वाटलं, पण तसबिरीला तोंड कुठलं!

दुपारी हरिसिंगनं मेलेली कोल्ही अंगणात आणून टाकली. माणसं जमली, बादलची पाठ थोपटली गेली. बसंतीबाई खाली बसली आणि तिनं कोल्हीच्या पोटावरून हात फिरवला. बोटांना दूध लागलं. तिनं ती बोटं लेकापुढे धरली.

"आता पिल्लाईले कोण पाजीन?"

हरिसिंगचा चेहरा उतरला. कुदळ घेऊन तो तसाच माघारी फिरला. शेतांचे धुरे, म्हणजे बांध, आणि नाल्याचा काठ त्यानं पालथा घातला. पिल्लांपासून कुत्र्यांना लांब न्यायला कोल्ही भलत्याच दिशेनं धावली असावी. बीळ काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी एकदा त्याला बारीक कुईंकुईं ऐकू आली, पण ती कुठून येते ते कळायच्या आत थांबली.

घरी येऊन त्यानं मला खिळ्यावरून ओढलं. "जाळूनच टाकतो हिले!"

बसंतीबाईनं मला त्याच्या हातून घेतलं, पदरानं माझा कोपरा पुसला आणि तो त्याच्यापुढे धरला. "जाळून काय होते? हिच्याकडं पाय. लहानपणापासून फोटो पाहून राह्यला, हे कधी दिसली तुले?"

हरिसिंगनं नकारार्थी मान हलवली आणि तो लहान पोरासारखा रडला.

मित्रांनो, माझी काच पुसायला विसरलात तरी चालेल. एवढंच मागते, कुत्रे सोडण्याआधी क्षणभर थांबा. माझी कोल्ही कागदाची आहे, तिला कुणी गाठू शकत नाही. तुमच्या धुऱ्यावरची खरी आहे आणि बिळात तिची कुणीतरी वाट पाहत असतं.